मानधन न घेणारे तज्ज्ञ परदेशी पाठवणाऱ्या संस्थांनी सरकारी अनुदान घ्यावं का?

सईबाई

मी अमेरिकेत एका मध्यम आकाराच्या नॉनप्रॉफिटमध्ये ग्रँट अकाउंटिंग बघते. आमची संस्था निवृत्त डेअरीवाले, धान्य साठवणुकीतले जाणकार, मृदातज्ज्ञ अशा मंडळींना दोन ते चार आठवड्यांसाठी आफ्रिकेत, मध्य आशियात, कॅरिबियन बेटांवर पाठवते. तज्ज्ञ मानधन घेत नाहीत. प्रवास, मुक्काम, विमा, दुभाष्या, तिथले कर्मचारी हे सगळं बहुतांश सरकारी पैशातून चालायचं.

2025 मध्ये काय झालं ते इथे सगळ्यांनी वाचलं असेल. 20 जानेवारीला परदेशी मदतीवर 90 दिवसांची स्थगिती आली. त्याच आठवड्यात 'काम थांबवा' अशी पत्रं निघाली. मार्चमध्ये यूएसएआयडी या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचे 83 टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर झालं आणि 1 जुलैला ती यंत्रणाच बंद झाली. एक तज्ज्ञ तेव्हा युगांडात गावोगाव फिरत होते, त्यांचं परतीचं तिकीट घाईघाईने बदलावं लागलं.

आता आमच्या बोर्डात दोन तट आहेत. एका गटाचं म्हणणं, सरकारी पैशाच्या वाटेला पुन्हा जायचंच नाही. दुसरा म्हणतो, दुसऱ्या सरकारकडे किंवा दुसऱ्या खात्याकडे अर्ज करू. टिपण मला लिहायचं आहे. माझा कल घ्यावं असाच आहे. पण जर्मनी, नेदरलँड्स, जपानकडे हे कसं चालतं, आणि भारतात असे तज्ज्ञ ज्यांच्याकडे येतात त्यांना काय वाटतं, हे ऐकल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलंय. अनुभव असेल तर मनमोकळेपणाने लिहा.

नीलमोहर

वाचतेय. विषय चांगला काढलास. एक अगदी प्राथमिक प्रश्न: तज्ज्ञ फुकट येतात, तर अनुदान एवढं कशाला लागतं? तिकीट आणि हॉटेल एवढंच ना?

सईबाई

@नीलमोहर, नवरदेवाने हुंडा घेतला नाही म्हणून लग्न फुकटात होत नाही गं :) तिकीट हा त्यातला सोपा खर्च. यजमान गटाला नेमकं काय हवंय ते समजून घेणं, ते लिहून काढणं, आमच्या यादीतून त्याच कामाचा माणूस शोधणं, त्याच्याशी चार वेळा बोलणं, लशी, व्हिसा, सुरक्षेची माहिती, तिथे जोडीला स्थानिक माणूस देणं, आणि सहा महिन्यांनी परत जाऊन सांगितलेलं टिकलं का ते पाहणं. यातलं शेवटचं काम सर्वांत महत्त्वाचं, आणि देणगीदार त्याला सर्वांत कमी पैसे देतात. 'तज्ज्ञाचं तिकीट मी देतो' म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'समन्वयकाचा पगार मी देतो' असं क्वचितच कुणी म्हणतं.

राईनकाठ

मी बॉनजवळ राहतो, म्हणून जर्मनीचं सांगतो. इथे सीनियर एक्सपर्ट सर्व्हिस, म्हणजे एसईएस, ही मोठी संस्था आहे. 1983 मध्ये सुरू झाली. मागे जर्मन उद्योगांच्या संघटना उभ्या आहेत, आणि विकास सहकार्य मंत्रालय (इथे बीएमझेड म्हणतात) अनुदान देतं. सुमारे 12,000 तज्ज्ञ नोंदवलेले आहेत. बेकरीवाल्यापासून शल्यचिकित्सकापर्यंत कुणीही. आमच्या शेजारचे आजोबा छपाई यंत्रांवर आयुष्यभर काम केलेले, ते दोनदा जाऊन आले.

त्यांच्या पद्धतीतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे ज्याने तज्ज्ञ मागवला त्याने राहणं, जेवण, तिथला प्रवास आणि खिशाला थोडा पैसा एवढं बघायचं. परवडत नसेल तिथे सरकारी पैसा उपयोगी पडतो. त्यामुळे 'फुकट मिळतोय तर मागवू' असं होत नाही. यजमानाचे चार पैसे गुंतले की तो तज्ज्ञाला सकाळी नऊला कामावर नेतो, देवळं दाखवत बसत नाही.

डेट्रॉईटची काकू

आमच्याकडे उलट वाहतूक. परराष्ट्र खात्याचा इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप प्रोग्रॅम, 1940 पासून चालू आहे. जगभरातून पत्रकार, डॉक्टर, नगरपालिकेतले अधिकारी येतात आणि गावोगावच्या छोट्या नॉनप्रॉफिट त्यांच्या भेटी ठरवतात. मी घरच्या जेवणाची स्वयंसेवक. एकदा जलशुद्धीकरणवाले पाहुणे आले होते. पिठलं-भाकरी खाऊन झाल्यावर मला विचारलं, तुमच्या नळाच्या पाण्याची तपासणी कोण करतं? मग आमचे हे आणि ते रात्री अकरापर्यंत क्लोरीनवर बोलत होते :D

2025 च्या फेब्रुवारीत या कार्यक्रमांचे पैसे पंधरवड्यासाठी म्हणून रोखले गेले तेव्हा आमच्या स्थानिक संस्थेत तीन पगारी माणसं होती. अशा संस्थेला पंधरवडासुद्धा फार लांब असतो.

स्पष्टवक्ता_नगर

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. निवृत्त गोरा माणूस दोन आठवड्यांसाठी येतो, ज्याला इथली जमीन माहीत नाही, भाषा येत नाही, आणि आपण टोपी-उपरणं घालून त्याचं ऐकतो. ही सरकारी खर्चाने केलेली सहल आहे. वर त्या सरकारचा हेतू काही दानधर्माचा नसतो. आपल्या कंपन्यांची यंत्रं विकायची, आपलं वजन वाढवायचं. अनुदान बंद झालं तर बिघडलं काय? आपल्याकडे कृषी विद्यापीठं आहेत, केव्हीके म्हणजे कृषी विज्ञान केंद्रं आहेत.

पॅनमन

@स्पष्टवक्ता, हेतूबद्दलचा मुद्दा बरोबर आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. सरकारं हे लिहूनच ठेवतात. अमेरिकेचा फार्मर-टू-फार्मर, म्हणजे शेतीतले स्वयंसेवक जाणकार परदेशी शेतकऱ्यांकडे पाठवणारा कार्यक्रम, 1985 च्या कृषी कायद्यातून आला. पैसे 'फूड फॉर पीस' या परदेशी अन्नमदतीच्या कायद्याखालच्या रकमेतून येत. कायद्यातच ठरवून दिलेलं, त्या रकमेच्या 0.6 टक्के किंवा वर्षाला दीड कोटी डॉलर, यातलं जे जास्त असेल ते. आणि राबवणार कोण? नॉनप्रॉफिट आणि सहकारी क्षेत्रातल्या संस्था.

त्याचं नाव 2002 मध्ये जॉन ओगोनोव्स्की यांच्यावरून ठेवलं. मॅसॅच्युसेट्समधल्या ड्रॅकटचे शेतकरी आणि पेशाने वैमानिक. कंबोडियातून आलेल्या निर्वासित शेतकऱ्यांना स्वतःची जमीन, पाणी, हरितगृह वापरायला द्यायचे. 11 सप्टेंबर 2001 ला अपहरण झालेल्या पहिल्या विमानाचे तेच कॅप्टन. पुढे त्या नावाला खासदार डग बेरुटर यांचंही नाव जोडलं गेलं.

मी स्वतः साखर कारखान्यात आयुष्य काढलं, त्यातली बरीच वर्षं पूर्व आफ्रिकेत. आपल्या सांगली-कोल्हापूरकडचे केमिस्ट, पॅनमन (साखर शिजवणारे) तिकडच्या कारखान्यांत भरपूर आहेत. आम्ही पगारावर गेलो, दान म्हणून नाही. पण त्यामुळे एक दिसलं: ज्याला पैसे द्यायची ऐपत आहे तो जाणकार विकत आणतो. ज्या लहान गुऱ्हाळवाल्याला ऐपत नाही त्याच्याकडे कुणीच जात नाही. अनुदानाची खरी जागा तिथे आहे.

गोठेवाले आप्पा

स्पष्टवक्ता भाऊ, तुम्ही नगरचे, मी संगमनेरकडचा. आता अहिल्यानगर म्हणायचं. माझ्याकडं आला होता असा एक म्हातारा, युरोपातल्या एका संस्थेमार्फत. आमच्या दूध संकलन गटानं मागवला होता. मलाही आधी तुमच्यासारखंच वाटलं. हा काय सांगणार, याच्याकडं बर्फ पडतो.

पहिल्या दिवशी गडी गोठ्यात आला, कुणाशी बोलला नाही. ताजं शेण उचललं, चाळणीत घातलं, नळाखाली धुतलं. चाळणीत मक्याचे अख्खे दाणे राहिले. ते तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरले. दुभाष्याची गरजच पडली नाही. मी दाण्यासाठी पैसे मोजत होतो आन् गाय ते तसेच खाली टाकत होती.

मग मुरघासाकडं, म्हंजे दाबून आंबवलेल्या मक्याच्या चाऱ्याकडं गेला. मूठभर घेऊन घट्ट पिळला, मूठ सोडली तसा लगेच मोकळा सुटला. म्हणला, मका लई वाळल्यावर कापला, आठवडाभर आधी कापायचा होता. दाणा टणक होतो आन् कुट्टी मशिनीत फुटत नाही. पुढच्या दिवशी कुट्टीच्या मशिनीची पाती बघितली, ती बोथट. नवं मशिन घ्या असं एकदाबी म्हणला नाही. पाती घासून आणायला लावली, शेजारच्या गावातनंच.

केव्हीकेवाले चांगले आहेत, माझे त्यांच्याशी संबंध आहेत. पण त्यांच्याकडं तालुके किती. शेणात हात घालायला सवड कुणाला आहे.

आता बाकीचं बी सांगतो. तो गेल्यावर आमच्या गटातल्या निम्म्या लोकांनी सहा महिन्यांत सगळं सोडलं. ज्या वस्त्यांवर आमच्या गटाचा सुपरवायझर दर पंधरा दिवसांनी चाळणी घेऊन जायचा, तिथंच टिकलं. त्या सुपरवायझरचा पेट्रोलचा खर्च कुणी द्यायचा यावर भांडणं झाली. परदेशातल्या संस्थेकडं त्यासाठी पैसा नव्हता, आमच्याकडंही नव्हता.

नीलमोहर

आप्पा, _/\_. चाळणीचं वाचून घरच्यांना वाचून दाखवलं.

स्पष्टवक्ता_नगर

आप्पा, तुमच्या अनुभवापुढे वाद घालत नाही. पण बघा, टिकलं ते सुपरवायझरमुळे. मग तो पैसा थेट सुपरवायझरला का देऊ नये? तज्ज्ञाच्या एका तिकिटात त्याचं वर्षभराचं पेट्रोल निघेल.

गोठेवाले आप्पा

दाणे शेणात आहेत हे सुपरवायझरला तरी कुठं माहीत होतं भाऊ. दोन्ही लागतं.

ताळेबंद

पुण्यात सीए आहे, सामाजिक संस्थांची ऑडिट करतो. स्पष्टवक्ता यांच्या 'थेट सुपरवायझरला द्या' यावर कायद्याची बाजू सांगतो, कारण अनेक परदेशी संस्था इथेच अडकतात.

परदेशातून रुपया जरी आला तरी एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदानाच्या कायद्याखालची नोंदणी हवी, नाहीतर त्या कामापुरती पूर्वपरवानगी. 2020 च्या दुरुस्तीनंतर तीन गोष्टी बदलल्या. पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यायचे. प्रशासकीय खर्च 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आला. आणि एका संस्थेला मिळालेला विदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, मग त्या दुसऱ्या संस्थेची नोंदणी असली तरी. आधी पुण्यातली एखादी मोठी संस्था पैसे घ्यायची आणि तालुक्यातल्या दहा छोट्या संस्थांना वाटून काम करायची. तो रस्ता बंद झाला. आप्पांच्या गटासारख्याला मधल्या संस्थेमार्फत पेट्रोलचा खर्च पोचवणं म्हणून अवघड.

तज्ज्ञाचं तिकीट, विमा परदेशी संस्थेने परस्पर भरला तर इथल्या खात्यात काही येत नाही, म्हणून ती पद्धत सोपी पडते. पण त्याने येताना यंत्र आणून संस्थेला भेट दिलं की ती वस्तूही विदेशी योगदानात धरली जाते. व्हिसाही नीट बघा. एनजीओत मानद काम करायला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागतो आणि त्यावर संस्थेचं नाव आणि ठिकाण लिहून येतं. 'टुरिस्टवर येऊ द्या, कोण बघतंय' हा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका, भोगावं यजमान संस्थेला लागतं.

आणि उलट दिशेने, म्हणजे इथला सरकारी अधिकारी परदेशी संस्थेच्या खर्चाने तिकडे जाणार असेल, तर त्याला गृह मंत्रालयाची आगाऊ परवानगी लागते. फॉर्म एफसी-2. तारीख ठरवण्याआधी हे करावं.

भोसरीकर

जपानचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. आमचा फोर्जिंग-मशीनिंगचा छोटा कारखाना. एओटीएस नावाची संस्था आहे, 1959 पासून. जपानच्या उद्योग मंत्रालयाच्या पैशावर परदेशातल्या तंत्रज्ञांना तिकडे शिकायला बोलावते आणि तज्ज्ञ इकडे पाठवते. पूर्ण खर्च ते देत नाहीत, कंपनीचा वाटा असतोच. पुणे-पिंपरी पट्ट्यात तिथे जाऊन आलेले लोक ठिकठिकाणी भेटतील, आणि भारतातल्या अनेक शहरांत त्यांच्या माजी प्रशिक्षणार्थ्यांच्या संघटना आहेत.

माझ्या मते सईबाईंना हवं असलेलं उत्तर इथेच आहे. तज्ज्ञ गेला की सगळं संपतं असं होऊ नये म्हणून त्यांनी माणसांची साखळी जपली. मी शिकून आलो, दहा वर्षांनी माझ्याकडचा पोरगा गेला. अडलं तर चिंचवडच्या कुणाला तरी फोन करतो, तो माझ्या आधी गेलेला असतो. याला वेगळं अनुदान लागत नाही.

पोल्डरवासी

नेदरलँड्समधून. इथे पीयूएम ही अशीच तज्ज्ञ पाठवणारी संस्था आहे, 1978 पासून. उद्योजकांच्या संघटनेने उभी केली, परराष्ट्र मंत्रालय पैसे देतं. तज्ज्ञ साधारण दोन आठवडे जातात. हरितगृहं, बटाटा बियाणं, कुक्कुटपालन, हॉटेल.

इथे सगळं सुरक्षित आहे असं कृपया समजू नका. डच सरकारनेही 2024 मध्ये विकास मदत 2027 पासून वर्षाला 2.4 अब्ज युरोने कमी करायचं ठरवलं, आणि देशाचा व्यापारी फायदा काय हे आता उघडपणे विचारलं जातं. म्हणून @सईबाई, 'अमेरिकन सरकार बेभरवशाचं, युरोपकडे जाऊ' असा बोर्डाचा विचार असेल तर थांबवा. शिवाय एका देशाचं सरकार बहुधा आपल्याच देशात नोंदलेल्या संस्थेला पैसे देतं.

राईनकाठ

पोल्डरवासींशी सहमत. जर्मनीतही खाजगी संस्थांसाठीच्या बीएमझेड योजनेत सरकार खर्चाच्या साधारण 75 टक्क्यांपर्यंतच देतं, उरलेलं संस्थेने उभं करायचं. सुरुवातीला लहान संस्था कुरकुरतात. पण त्या 25 टक्क्यांसाठी त्यांना गावात जत्रा भरवावी लागते, केक विकावे लागतात, शाळेत बोलावं लागतं. मग सरकारने हात आखडला तरी निदान ओळखणारे लोक असतात.

पॅनमन

ही कल्पना किती जुनी आणि किती देशांची आहे पहा. अमेरिकेचं आयईएससी 1964, कॅनडाचं सीईएसओ 1967, ब्रिटनचं बीईएसओ 1972, फ्रान्सचं ईसीटीआय 1974, मग डच आणि जर्मन. सगळीकडे साचा सारखा: निवृत्त माणसाचा वेळ फुकट, बाकी खर्चाला सरकार किंवा उद्योग. यातलं बीईएसओ 2005 मध्ये व्हीएसओ या स्वयंसेवक पाठवणाऱ्या ब्रिटिश संस्थेत मिसळून गेलं. म्हणजे संस्था संपतात, एकमेकींत मिसळतात, पण साचा साठ वर्षं टिकलाय.

आपल्या सरकारनेही 1964 मध्येच आयटेक सुरू केलं, परदेशातल्या लोकांना इथे प्रशिक्षण आणि आपले तज्ज्ञ तिकडे. पण ते परराष्ट्र मंत्रालय स्वतः चालवतं. आपल्या एखाद्या ट्रस्टने दहा निवृत्त कृषी अधिकारी टांझानियाला पाठवायचे म्हटलं तर त्यासाठी अशी सोय कुठे आहे?

ताळेबंद

@पॅनमन, सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चाचा विचार केला असेल तर तोही दरवाजा बंद आहे. भारताबाहेर केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत, अपवाद राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्तरावर खेळणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. उलट, आप्पांच्या सुपरवायझरचं पेट्रोल मात्र सीएसआरमधून मिळू शकतं. काम इथलं, ग्रामीण विकासाचं, पैसा भारतीय कंपनीचा. तिकीट परदेशी सरकारचं, पाठपुरावा देशी कंपनीचा, असं जुळवता येईल. मी एकदोन संस्थांना हेच सुचवतो.

गोठेवाले आप्पा

ताळेबंद साहेब, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. बघा.

बिनधास्त_बंड्या

एवढं वाचून मी एकच ठरवलं. निवृत्त झाल्यावर नाव नोंदवणार. २५ वर्षं एक्सेलमध्ये काम केलंय, कुठल्या देशाला पाहिजे?

नीलमोहर

बंड्या, सगळ्या देशांना पाहिजे. सईबाईंच्या टाइमशीट कोण भरणार नाहीतर :)

सईबाई

टाइमशीटचा विषय निघालाच तर थोडं लांब लिहिते, कारण बाहेरून हे दिसत नाही.

अमेरिकन सरकारी ग्रँट बहुतेकदा खर्च झाल्यावर भरून मिळते. आगाऊ मिळायची सोय आहे, पण छोटी संस्था मोठ्या संस्थेच्या हाताखाली असेल तर आधी स्वतः खर्च करा, कागद द्या, मग पैसे. म्हणजे तिकिटं, पगार, हॉटेल यासाठी दोन-तीन महिन्यांची रोकड संस्थेकडे हवी. पैसे थांबले तेव्हा अडकलेली रक्कम ही अशी होती. काम झालेलं, पैसे यायचे. 5 मार्च 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने 5-4 अशा बहुमताने, झालेल्या कामाचे पैसे द्या हा खालच्या न्यायालयाचा आदेश रोखायला नकार दिला. पण वाट बघण्याएवढी रोकड ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी तोवर माणसं कमी केली होती.

कागदांबद्दल: प्रत्येक तज्ज्ञाचा बोर्डिंग पास, कारण अमेरिकन विमान कंपनीनेच जायचं असा कायदा आहे आणि अपवाद वापरला तर कारण नोंदवायचं. ज्या गावात छापील पावती मिळत नाही तिथे चहा-नाश्त्यालाही साक्षीदाराची सही. तज्ज्ञाच्या फुकट वेळेची किंमत आमचा वाटा म्हणून धरता येते, पण त्यासाठी त्याने तासांची नोंद ठेवायची, आणि दर त्या कामाच्या बाजारभावाला धरून दाखवायचा. सत्तरीतल्या शेतकऱ्याला रात्री कंदिलाच्या उजेडात 'आज किती तास' लिहायला लावणं मला जिवावर येतं, पण तेवढ्यावर आमचा हिस्सा उभा असतो.

कार्यालयीन खर्चाचं थोडं सुधारलंय. ज्या संस्थांचा या खर्चासाठी सरकारशी ठरवून घेतलेला दर नाही त्यांना पूर्वी 10 टक्के सरसकट मिळायचे, 1 ऑक्टोबर 2024 पासून 15 झाले. सरकारी पैशाच्या स्वतंत्र ऑडिटची मर्यादाही साडेसात लाख डॉलरवरून दहा लाखांवर गेली. लहान संस्थांना याचा खरंच दिलासा आहे.

एक कलम मात्र बोर्डाला दाखवलंच पाहिजे. सरकारच्या उद्दिष्टांशी किंवा प्राधान्यक्रमाशी काम जुळत नाही असं वाटलं तर ग्रँट मधेच रद्द करता येते, हे नियमांतच आहे. पूर्वी सही करताना आम्ही ते पान उलटून पुढे जायचो असं इतर संस्थांतले सहकारीही सांगतात, कारण ते वापरल्याचं फारसं ऐकलं नव्हतं.

स्पष्टवक्ता_नगर

हे वाचून माझं मत पक्कं झालं. एवढा जाच आणि वर कधीही रद्द. देणग्यांवर छोटं काम करा.

डेट्रॉईटची काकू

भाऊ, देणग्यांवर आमच्या संस्थेने सहा महिने काढले. शहरातल्या डॉक्टर मंडळींनी भरभरून दिलं. पण देणगीदाराला त्याच्या आवडीचा देश हवा असतो. भारतातल्या पाहुण्यांसाठी पैसे पटकन आले, कारण देणारे आपले लोक. किर्गिझस्तानच्या परिचारिकांसाठी कोण देणार? त्या शहरात त्यांचं कुणी नाही. सरकारी पैसा होता तेव्हा त्यांचाही नंबर लागायचा.

स्पष्टवक्ता_नगर

हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. मान्य.

भोसरीकर

सईबाई, एक विचारतो. तुमच्याकडून जे जाऊन आले आणि ज्यांच्याकडे गेले, त्यांचा आपापसात संपर्क आहे का? असेल तर तो कुणाच्या खर्चाने?

सईबाई

आहे, आणि खर्च कुणाचाच नाही. एका धान्य साठवणूक तज्ज्ञांचा मलावीतल्या गटाशी व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. कार्यक्रम बंद झाला तरी ते अजून मक्यातल्या ओलाव्याचे फोटो पाठवतात आणि हे उत्तर देतात. भारतातल्या कारखान्यांच्या साखळीबद्दल तुम्ही लिहिलंत ते याच जातीचं आहे. पण याचा उल्लेख आमच्या एकाही अहवालात नाही, कारण अहवालात त्यासाठी रकानाच नव्हता.

तुम्हा सगळ्यांचं वाचून टिपणाचा मसुदा असा झालाय: अर्ज करायचा. सरकारी हिस्सा एकूण खर्चाच्या निम्म्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. तीन महिन्यांची रोकड बाजूला असल्याशिवाय करारावर सही नाही. यजमानाचा वाटा हवा, पैशात नाही तर निदान तज्ज्ञाच्या मुक्कामाच्या रूपात. आणि प्रत्येक प्रस्तावात तज्ज्ञाच्या तिकिटाएवढीच रक्कम स्थानिक पाठपुराव्याला मागायची. देणारं खातं तो आकडा कापत असेल तर ती ग्रँट घ्यायची नाही. आप्पा, हे शेवटचं तुमच्यामुळे. काही राहतंय का?

राईनकाठ

निम्म्याची मर्यादा पहिल्या वर्षी जमणार नाही. तीन वर्षांत तिथे पोचायचं असं लिहा, नाहीतर बोर्ड पहिल्याच ओळीवर अडेल.

गोठेवाले आप्पा

तिकिटाएवढा पाठपुरावा म्हणजे आमच्याकडं सुपरवायझर आरामात वर्ष काढतो. तज्ज्ञ मात्र मका कापायच्या आधी पाठवा, नंतर नको. आमच्याकडं तो मुरघास भरून झाल्यावर आला होता.

ताळेबंद

एक राहतंय. ग्रँट मधेच रद्द झाली तर भाडेकरार मोडणं, सामान परत आणणं असे आवरण्याचे खर्च मागायला तुमच्या नियमांत जागा आहे, आणि अंतिम हिशेब द्यायला मुख्य संस्थेला 120 दिवस मिळतात. पण तुम्ही दुसऱ्या संस्थेच्या हाताखाली असाल तर तुम्हाला 90. हा फरक उपकरारात स्पष्ट लिहून घ्या, आणि परतीच्या तिकिटाचा वाढीव खर्च त्या आवरण्याच्या खर्चात नावानिशी टाका.

सईबाई

टाकते. राईनकाठ, तीन वर्षांचा टप्पाही घेते. बोर्डाची बैठक गुरुवारी आहे, तिथे काय ठरलं ते याच धाग्यावर लिहीन.